तपासणीला माणूस येण्याआधी
(शहरात गाळे किंवा इमारत असलेल्या सभासदांसाठी)



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी असल्या गोष्टी लिहितो. या खेपेस विषय शहरातल्या इमारतीचा घेतला आहे. ऊस विकास खात्याचा आणि सिमेंटच्या इमारतीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध एवढाच की आपल्या कार्यक्षेत्रातील पुष्कळ सभासदांनी उसाच्या बिलातून, मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने, पुण्यात जागा घेतल्या. त्यांपैकी बऱ्याच कोथरूड, कर्वेनगर भागात आहेत. कोणाचे दोन गाळे आहेत, कोणी भावाभावांत मिळून तीन मजली इमारत उभी केली आहे. जमीन आपण रोज बघतो. ही मिळकत मात्र वर्षातून दोनदा, भाडे आणायला गेल्यावर बघितली जाते. मग बँकेचा माणूस, विकत घेणाऱ्याचा इंजिनिअर, विमा कंपनीचा सर्व्हेअर किंवा महापालिकेचा कर्मचारी तपासणीला येणार असे कळले की धावपळ सुरू होते.

कोथरूड हे एके काळी पुण्याच्या पश्चिमेचे शेतीचे गाव. महर्षी कर्व्यांनी १९०० साली शेजारच्या हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधून काम सुरू केले, तेव्हा पुण्याहून तिकडे चिखल तुडवत पायी जावे लागे. आज त्याच बाजूला ६ मार्च २०२२ पासून वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावू लागली, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पुढे गेली. पौड रस्ता, कर्वे रस्ता यांच्या कडेला असलेल्या गाळ्यांसाठी बँका, दवाखाने, क्लासवाले यांची विचारणा आपल्या सभासदांकडे येऊ लागली आहे. असे मोठे भाडेकरू जागा घेण्याआधी इमारत तपासतात. जुन्या काळी शेजाऱ्याच्या ओळखीवर गाळा भाड्याने जायचा, ते दिवस आता राहिले नाहीत.

आमच्या एका सभासदाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, गावात सगळ्यांना ठाऊक आहेच. त्यांची कोथरूडमध्ये तळमजला अधिक तीन मजले अशी इमारत आहे, भोगवटा पत्र १९९२ सालचे. खाली चार गाळे, पहिल्या मजल्यावर कचेऱ्या, वर मुलांचा क्लास. पहिला मजला एका बँकेला शाखेसाठी हवा होता. भाडे चांगले ठरत होते आणि त्या भाड्याच्या भरवशावर सभासदाने इकडे ठिबकाचे कर्ज काढले होते. बँकेचा इंजिनिअर येणार म्हणून त्यांनी काय केले, तर संपूर्ण इमारतीला आतून-बाहेरून रंग दिला. पार्किंगच्या छताला पोपडे आले होते, तिथे गवंड्याकडून सिमेंट फासून घेतले. आम्हाला म्हणाले, "साहेब, बघा कशी नवरीसारखी दिसतीय!"

इंजिनिअर आला. त्याने रंगाकडे पाहिलेही नाही. खिशातून लहान हातोडी काढली आणि खांबाला टकटक करीत फिरला. आपण बाजारात मडके वाजवून घेतो तसेच हे. घट्ट काँक्रीट खणखणीत वाजते, आतून सुटलेले बद्द वाजते. संडासाच्या मागच्या खांबाला त्याने जरा जोराने मारले तर ताज्या रंगासकट हातभर पापुद्रा खाली आला, आणि आतली सळई तांबेरा पडलेल्या पानासारखी लाल. बँकेने बोलणी थांबवली.

आता हे आपल्या धंद्यातल्या उदाहरणाने बघू. बेणेमळ्याच्या पाहणीला आमचे कर्मचारी येणार म्हणताच काही शेतकरी काणीचे चाबूक मोडून बांधाबाहेर टाकतात. पाहणी करणाऱ्याला चाबूक दिसत नाही, पण रोग बेटात तसाच राहतो, आणि त्या बेटाचे बेणे पुढच्या शेतात गेले की सगळा प्लॉट बिघडतो. चाबकावर पिशवी घालून तो कापणे, बेट मुळासकट उपटणे आणि जाळणे हेच खरे काम. सळईच्या गंजावर सिमेंट फासणे म्हणजे चाबूक मोडणे होय. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुप्पट-तिपटीहून अधिक जागा मागतो. त्या फुगण्याने वरचे काँक्रीट फुटते, भेगेतून आणखी पाणी शिरते, गंज आणखी वाढतो. वरून सिमेंट लावल्याने हे चक्र थांबत नाही, फक्त दिसेनासे होते.

तेव्हा तपासणीची तयारी म्हणजे रंगरंगोटी नव्हे. येणाऱ्या माणसाच्या आधी आपणच आपली इमारत त्याच्या नजरेने बघणे, ही तयारी. त्याला निदान दोन-तीन महिने लागतात.

कागद आधी

इमारतीला हात लावण्यापूर्वी पेटीतले कागद काढावेत. मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, जोते तपासणीचा दाखला, भोगवटा पत्र, खरेदीखत व सूची क्रमांक दोन, मिळकत कराच्या पावत्या, वीज व पाणी बिले, लिफ्ट असल्यास तिचा परवाना, अग्निशमनाचे दाखले, भाडेकरूंचे करार. कागद भावाकडे एक, वकिलाकडे दोन आणि आर्किटेक्टकडे बाकीचे, अशी स्थिती असते. पहिल्या आठवड्यात हे सगळे एका फायलीत आणावे. भोगवटा पत्र सापडत नसेल तर महापालिकेच्या बांधकाम विभागातून नक्कल मागावी, आणि त्याला वेळ लागतो हे धरून चालावे.

भाडेकरूचा करार नोंदलेला नसेल तर तोही आताच नोंदवावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. "आमचा भाडेकरू वीस वर्षांचा, घरचाच माणूस" हे बोलणे तपासणीत चालत नाही.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच लोक टाळतात. मंजूर नकाशा हातात धरून, तांबडी पेन्सिल घेऊन, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चालायचे. नकाशात एक आणि जागेवर दुसरे असेल तिथे खूण करायची. आमच्या सभासदाबरोबर आम्ही असे चाललो. त्यांच्या नात्यातला एक सिव्हिल इंजिनिअर सोबत होता. पार्किंगच्या दोन जागा अडवून पाचवा गाळा केलेला निघाला. बाजूच्या सामासिक जागेवर पत्रे टाकून हार्डवेअरवाल्याने माल ठेवला होता. एका गाळ्यातला पोटमाळा नकाशापेक्षा दुप्पट मोठा होता. गच्चीवर पत्र्याची खोली होती. सभासदाचे म्हणणे, "हे सगळे तर कराच्या बिलात आहे, आम्ही शास्तीसुद्धा भरतो." हा गैरसमज पुष्कळांचा आहे. अनधिकृत बांधकामावर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ प्रमाणे शास्ती आकारली जाते, पण ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली काढून टाकण्याची नोटीस त्यानंतरही येऊ शकते.

खुणा झाल्या की परवानाधारक आर्किटेक्टला बसवून दोन याद्या करायच्या. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत बसणारे नियमित करून घ्यायचे. न बसणारे स्वतः काढायचे. सामासिक जागेवरचे पत्रे दुसऱ्या यादीतच पडतात. ती जागा मोकळी ठेवायची ती आगीचा बंब आणि माणसे यांना फिरता यावे म्हणून. आमच्या मते पाचव्या गाळ्याचे भाडे सोडणे हेच शहाणपणाचे. त्या एका गाळ्यासाठी सगळ्या इमारतीचा सौदा अडकतो.

खांब, तुळई, स्लॅब

तीस वर्षे झालेल्या इमारतीच्या मालकाने महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून मजबुतीचा दाखला घेणे कलम २६५-अ प्रमाणे आवश्यक आहे. १९९२ च्या इमारतीला २०२२ साली तीस वर्षे झाली. कोथरूडमध्ये ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती खूप आहेत, तेव्हा सभासदांनी आपापल्या भोगवटा पत्रावरची तारीख आजच बघावी.

दाखला इंजिनिअरच देणार, पण तो येण्याआधी आपणही फिरावे. पावसाळ्यात ओल कुठे येते ते भाडेकरूला विचारावे, त्याला मालकापेक्षा जास्त माहिती असते. विटेची भिंत आणि काँक्रीटचा खांब यांच्या सांध्यावर उभी बारीक रेघ दिसते, ती बहुधा ऊन-थंडीने आलेली असते, तिला घाबरू नये. तुळईच्या तळाला लांबीच्या दिशेने गेलेली भेग किंवा खांबाच्या कोपऱ्याने वर चढणारी भेग ही आतल्या सळईच्या रेषेत असते. ती गंजाची. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली आणि वाढत जाणारी भेग पाया किंवा आधार हलल्याची असू शकते. भेग वाढते की नाही हे ओळखण्याचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट चिकटवून तिच्यावर तारीख लिहायची. काच तडकली तर भेग हलते आहे. दोन-तीन महिने आधी लावलेली काच इंजिनिअरला फार उपयोगी पडते.

इंजिनिअर लागल्यास यंत्राच्या हातोडीने व ध्वनिलहरींनी काँक्रीटची परीक्षा करतो. दुरुस्ती सांगितली तर ती पूर्ण करावी : स्लॅबला टेकू देणे, सुटे काँक्रीट काढणे, सळई तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लेप देणे, फार झिजली असेल तर नवी जोडणे, आणि मग पॉलिमरचा गिलावा किंवा खांबाभोवती नवे काँक्रीट. प्रत्येक पायरीचे तारखेसह फोटो ठेवावेत. झाकले गेलेले काम नंतर कोणाला दिसत नाही, फोटो दिसतो.

गच्चीबद्दल थोडे. पाऊस निघून गेल्यावर पाणी साठते का ते पाहावे. एका चौरस मीटरवर दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे १०० किलो वजन. पाण्याच्या टाकीचेही तसेच. हजार लिटरची टाकी भरली की एक टन झाली. भाडेकरू वाढले तशा प्लास्टिकच्या टाक्या वाढतात आणि त्या जागा दिसेल तिथे, स्लॅबच्या मधोमध मांडल्या जातात. त्या इंजिनिअरला विचारून खांब-तुळईवर घ्याव्यात. जाहिरातीचा फलक किंवा मोबाईलचा मनोरा भाड्याने दिला असेल तर त्याच्या पायाची तपासणी वेगळी करून घ्यावी. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ऑक्टोबर २०१८ मध्ये फलकाचा सांगाडा कोसळून चार माणसे गेली. फलकाचे भाडे येते तेव्हा गोड लागते.

आग

या भागावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत.

३० डिसेंबर २०१६ रोजी पहाटे पुण्यात कोंढव्याला एका बेकरीला आग लागून आत झोपलेले सहा कामगार गुदमरून मेले. दार बाहेरून बंद होते. ९ मे २०१९ रोजी उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानात पाच कामगार असेच गेले. तिथेही बाहेर कुलूप. त्याच महिन्यात, २४ मे रोजी, सुरतेला व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावरील क्लासमध्ये आग पोहोचली. मुलांनी खिडक्यांतून खाली उड्या टाकल्या. बावीस मुले गेली. ही मुले तुमच्या-आमच्या मुलांच्या वयाची होती.

आता आमच्या सभासदाच्या इमारतीत वर क्लास आहे हे ध्यानात घ्या. संध्याकाळी पन्नास-साठ पोरे असतात. आम्ही गेलो त्या दिवशी जिन्याच्या वळणावर औषधाच्या दुकानाचे रिकामे खोके छातीइतके रचलेले, जिन्याखाली मीटर खोली आणि तिच्यात झाडू, रद्दी, रंगाचे डबे. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. आग विझवायच्या नळकांड्यांवरील तारीख चार वर्षांपूर्वीची. त्या दिवशी बँकेची तपासणी, भाडे, ठिबकाचे कर्ज हे सगळे आम्ही बाजूला ठेवले आणि आधी खोके हलवले. कुलूप काढून तिथे आतून उघडणारी कडी बसवली.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याप्रमाणे इमारतीतील आगीची साधने चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावर, आणि जागेपुरती भोगवटादारावर आहे. परवानाधारक एजन्सीकडून साधने तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, 'नमुना ब' मधील दाखला अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. कोणत्या इमारतीला कोणती साधने लागतात ते तिची उंची, क्षेत्रफळ आणि वापर यांवर ठरते. वापर बदलला की गरजही बदलते. गाळ्यात पूर्वी शिंपी होता, आता गादीचा फोम साठवला जातो, तर तो जुना गाळा राहिला नाही. विम्याच्या कागदातही हा बदल कळवलेला असला पाहिजे, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद उभा राहतो.

एजन्सी निवडताना तिचा परवाना चालू आहे का ते पाहावे. घरी बसून दाखला पाठवणारी माणसेही भेटतात. एजन्सीचा माणूस प्रत्यक्ष आला पाहिजे, पाण्याचा पंप चालू करून नळीला दाब येतो का ते आपल्यासमोर दाखवला पाहिजे. आपल्या कारखान्यात बॉयलरची तपासणी दर वर्षी होते. दाब देऊन बघितल्याशिवाय दाखला मिळत नाही, हे सभासदांना ठाऊक आहे. नियम तोच लावावा. शिवाय प्रत्येक गाळ्यातल्या दोघांना नळकांडे हातात धरून चालवायला शिकवावे, आणि विजेच्या आगीवर पाणी मारायचे नाही हे त्यांना आधी सांगावे.

वीज

मीटर खोली रिकामी आणि कोरडी ठेवावी, एवढे एक काम केले तरी अर्धी तयारी झाली. जुन्या गाळ्यांत दोन दिवे आणि एक पंखा यांच्या हिशोबाने वायर टाकलेली असते, आता त्याच वायरवर वातानुकूलन यंत्र, फ्रिज आणि झेरॉक्स चालतात. महावितरणकडे मंजूर भार किती आणि प्रत्यक्ष किती, हे परवानाधारक वीज ठेकेदाराकडून मोजून घ्यावे. गळतीचा प्रवाह तोडणारे स्विच प्रत्येक गाळ्याला हवेत. अर्थिंगची मोजणी करून आकडा नोंदवहीत लिहावा.

तळघर किंवा खोलगट पार्किंग असेल तर पाण्याचा पंप आणि त्याची केबल पावसाळ्याआधी बघावी. २५ जुलै २०२४ च्या पुरात डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत पाण्यातून हातगाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. पाणी आणि वीज एकत्र आली की माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही. पार्किंगमधील स्विच बोर्ड जमिनीपासून वर घ्यायला फारसा खर्च येत नाही.

प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी

भाडेकरूंना आठवडाभर आधी लेखी कळवावे. बंद गाळा, हरवलेली किल्ली आणि "मालक गावाला गेलेत" यांमुळे तपासणी अर्धवट राहते, आणि अहवालात 'पाहता आले नाही' असे शब्द येतात. ते शब्द वाचणाऱ्याला तडा गेलेल्या भिंतीपेक्षा जास्त वाईट वाटतात. सगळ्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावाव्यात. गच्ची, टाकी, मीटर खोली, लिफ्टची खोली उघडून ठेवावी. कागदांची फाईल आणि तिच्या झेरॉक्स टेबलावर असाव्यात. दिवे चालू, जिना झाडलेला. इमारतीचा बारीकसारीक तपशील माहीत असलेला एक माणूस सोबत द्यावा, पाच जणांचा घोळका नको.

विचारले त्याचे खरे उत्तर द्यावे. दोष असेल आणि दुरुस्ती चालू असेल तर तसे सांगून ठेकेदाराचे अंदाजपत्रक दाखवावे. अनुभव असा की कळलेल्या दोषाची किंमत वजा होते आणि सौदा पुढे जातो. लपवलेला दोष सापडला की तपासणारा प्रत्येक भिंतीवर संशय घेतो. आमच्या सभासदाच्या बाबतीत तेच झाले. खांबाची दुरुस्ती तीन महिन्यांत उरकली, पण बँकेने तोवर दुसरी जागा धरली होती. पुढे तो मजला एका दवाखान्याने घेतला, त्यांचा इंजिनिअरही हातोडी घेऊन आला. या वेळी त्याच्यापुढे मजबुतीचा दाखला, दुरुस्तीचे फोटो आणि तारीख लिहिलेली, न तडकलेली काच होती. भाडे बँकेने देऊ केले होते त्याहून थोडे कमी ठरले. पाचवा गाळा गेला, तिथे पुन्हा गाड्या लागतात.

अहवालाची प्रत मागून घ्यावी. त्यातील प्रत्येक मुद्द्यासमोर कोणी, कधी करायचे ते लिहून ते पान गाळेधारकांनाही द्यावे. पुढच्या तपासणीला हेच पान पहिले काढायचे.

राहता राहिला वेळापत्रकाचा प्रश्न. गळीत हंगाम चालू असताना आपले लक्ष टोळीकडे, गाडीकडे आणि वजनाकडे असते. नेमका जानेवारी हा ऐन तोडणीचा महिना, आणि 'नमुना ब' तेव्हाच द्यायचा असतो. म्हणून एजन्सीला डिसेंबरातच बोलावून ठेवावे. गच्ची, गळती व काँक्रीटची कामे हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत धरावीत, कारण त्यानंतर पाऊस काम करू देत नाही. जुलैचा दाखला आडसाली लागणीच्या गडबडीत येतो. त्यासाठी घरातल्या शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला, ते पुण्यातच असतील तर, फाईल देऊन ठेवावी आणि २५ जूनला आठवण करून द्यायला सांगावे.